एकोणिसावं प्रकरण

वहिनींनी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि कागद दोन बोटांनी टेबलावरून परत त्याच्याकडे सरकवला.

"मी नाही सही करणार, भाऊजी."

धाकट्याने पेनचं टोपण आधीच काढून ठेवलं होतं. त्याला वाटलं, कुठे सही करायची ते त्यांच्या लक्षात आलं नसेल. त्याने कागद त्यांच्या बाजूला फिरवला आणि खालच्या रेघेवर बोट ठेवलं.

"इथे. 'वारसाची सही' लिहिलंय ना, तिथे फक्त. बाकी सगळं मी भरलंय."

"दिसतंय मला कुठे ते. वारस आहे, आंधळी नाही."

एरवी ह्यावर तो हसला असता. वहिनींच्या जिभेला धार होती आणि ती सगळ्या घराच्या अंगवळणी पडलेली होती. पण चार महिने मनात घोळवून, एकदाचा हिय्या करून तो आज रात्रपाळी संपल्यावर परस्पर इथे आला होता. होकार गृहीत धरूनच आला होता. तो नुसता त्या रेघेकडे बघत राहिला.

ओट्यावरचा नळ ठिबकत होता. थोरला होता तेव्हाही तो असाच ठिबकायचा. ज्याने तीस वर्षं अख्ख्या शहराला पाणी चढवलं, त्याच्या घरातला नळ. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दोघे भाऊ शहराच्या पंपघरात कामाला. थोरला दिवसपाळीला, धाकटा रात्रपाळीला. तिथली माणसं त्यांना थोरला पंप आणि धाकटा पंप म्हणायची, आणि दोघांनाही त्याचा राग नव्हता, कारण पंपघरात माणसापेक्षा पंपाला मान जास्त. पाळी बदलायची तिथली रीत ठरलेली. येणाऱ्याने आधीच्या पाळीची नोंद वाचायची, खाली 'वाचले' असं लिहून सही करायची, दाब आणि पातळी नोंदीशी ताडून बघायची आणि मगच चार्ज घ्यायचा. काही जुळत नसेल, नोंद अर्धवट असेल, तर 'चार्ज घेतला नाही' असं लिहायचा त्याला अधिकार. मग जाणाऱ्याला घरी जाता येत नाही. सगळं पुरं करून देईपर्यंत पाळी त्याचीच.

एकोणीस वर्षांपूर्वी थोरल्याने निम्म्या कोऱ्या राहिलेल्या एका जुन्या लॉगबुकात गोष्टीचं एक प्रकरण लिहिलं आणि पाळी बदलताना एवढंच म्हणाला, "खणात बघ." नदीवर होडी चालवणाऱ्या दोन भावांची गोष्ट होती. धाकट्याने ती वाचली, सवयीने खाली 'वाचले' लिहून सही ठोकली, आणि पुढचे दोन महिने खपून दुसरं प्रकरण लिहून वही खणात ठेवली. तेव्हापासून विषम प्रकरणं थोरल्याची, सम धाकट्याची. गोष्ट पुढे कुठे जाणार ह्यावर एकमेकांशी चकार शब्द काढायचा नाही, हेही आपोआप ठरलं. कधी वर्षात दोन प्रकरणं व्हायची, कधी एकही नाही. कुणाला सांगायचं काही कारणच नव्हतं.

मग सहा वर्षांपूर्वी आई गेली.

ती धाकट्याच्या घरी अंथरुणाला खिळलेली होती. तिच्या उशाशी बसायला त्याने रजा घेतलेली, तिसरा ऑपरेटर गावाला गेलेला, तो रात्री परतेपर्यंत थोरला एकटाच दोन्ही पाळ्या ओढत होता. दुपारी त्याचा फोन आला, "निघू का?" डॉक्टर सकाळीच येऊन गेले होते, दोन-तीन दिवस तरी काढतील म्हणाले होते. धाकट्याने सांगितलं, "घाई नको. पंप सोडून येऊ नकोस. पाळी संपव आणि ये." दुसऱ्या कुठल्या घरात भाऊ भावाला असं म्हणाला नसता. ह्यांच्या घरात दुसरं काही सुचलंच नसतं. आई संध्याकाळी गेली, थोरल्याची पाळी संपायच्या तासभर आधी.

"मी विचारलं होतं तुला," एवढंच थोरला म्हणाला. त्यानंतर पाच वर्षं तो धाकट्याशी यंत्राचं सोडून काही बोलला नाही. तीन नंबर गरम होतोय. व्हॉल्व्ह अर्धा ठेवलाय. बस. पण वही मात्र थांबली नाही. खणात ती येत राहिली, जात राहिली, आणि वहीतले दोघे नावाडी पूर्वीसारखेच एकमेकांची टर उडवत नदी ओलांडत राहिले. बाहेर अबोला आणि वहीत गप्पा, असं ते त्रांगडं होतं. कुठलंही प्रकरण उघडलं की धाकट्याला वाटायचं, आता दादा काहीतरी म्हणेल. दादा नदीचं म्हणायचा, वाऱ्याचं म्हणायचा.

थोरल्याला आजार धरल्यावर वही वहिनींच्या पिशवीतून ये-जा करू लागली. तेव्हा धाकट्याने अठरावं प्रकरण लिहायला घेतलं आणि त्यात त्या दुपारचं सगळं घातलं. माणसं नावाडीच होती, पण आई आईच होती. आठ महिने लागले त्याला. लिहून झालं तोवर थोरला रुग्णालयात होता. वही वहिनींच्या हातात देऊन तो रोज पाळीच्या आधी भावाच्या खाटेशेजारी जाऊन बसायचा. थोरला डोळे मिटून घ्यायचा. असे बावीस दिवस गेले, आणि मग थोरलाही गेला.

पंधरा दिवसांनी वहिनी वही घेऊन आल्या. "ह्यांनी लिहून ठेवलं होतं," म्हणाल्या. वहीत एकोणिसावं प्रकरण होतं. चार पानं, दुखण्यातल्या माणसाचं थरथरतं अक्षर, पण अक्षर दादाचंच. 'र'ची शेपटी खालच्या ओळीत नेऊन सोडायची खोडसुद्धा तीच. त्यात थोरला नावाडी पैलतीरावरून परत येतो, आईच्या खोलीत जातो, बराच वेळ बसतो आणि बाहेर येऊन धाकट्याला म्हणतो, तुझं काही चुकलं नाही रे, मीही तेच केलं असतं.

गेलं वर्षभर धाकटा त्या चार पानांवर जगत होता.

ग्रंथालयातल्या संगणकावर बसून त्याने दोन बोटांनी अख्खं पुस्तक टंकलं. ग्रंथपाल बाई आधी त्याच्याकडे संशयाने बघायच्या, मग त्यांनी पानं वाचायला मागितली. शेवट वाचून त्या दोन दिवस त्याच्याशी धड बोलल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ह्या शेवटासाठी कुणीही हे पुस्तक घेईल. पण थेट प्रकाशकाकडे टाकाल तर गठ्ठ्यात पडून राहील. साहित्यिक एजंट गाठा. धाकट्याला एजंट म्हटलं की विमा आठवायचा. जिवंतपणी पाठ न सोडणारी आणि मेल्यावर न सापडणारी जात, असं थोरलाच म्हणायचा. बाईंनी समजावलं, हा एजंट पुस्तकाचा. तो वाचतो, पटलं तर चार प्रकाशकांचे दरवाजे ठोठावतो, आपल्या बाजूने बोलतो. त्यांनीच एका एजन्सीचे कागद छापून दिले. पहिली तीन प्रकरणं, शेवटासकट कथेचा गोषवारा, आणि लेखकांपैकी कुणी हयात नसेल तर वारसाने सही करून द्यायचं की, त्या लेखकाच्या नावचा मजकूर त्याने स्वतः लिहिलेला आहे.

पाठवावं की पाठवू नये, ह्यात चार महिने गेले. रात्री पंपाच्या घरघरीत वाटायचं, पाठवूच. सकाळी सायकलवर बसलं की वाटायचं, आपण पाणी चढवणारी माणसं, घरातलं उघड्यावर कशाला मांडा. नाव व्हावं असं त्याला खरंच वाटत नव्हतं. त्याला साक्षीदार हवे होते. दादा असं म्हणाला, हे आपल्याखेरीज आणखी कुणीतरी वाचलेलं असावं, हजार अनोळखी माणसांनी वाचलेलं असावं, म्हणजे ते हलणार नाही, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

"तुम्हाला पुस्तक छापायला नको आहे का?" त्याने आता विचारलं. "तसं असेल तर सांगा. दादाचं पुस्तक आहे, तुमचा हक्क आहे."

"छापायला काय, छापा की."

"मग?"

"ह्यात 'स्वतः लिहिलेला आहे' असं आहे."

"मग लिहिलंच ना त्याने स्वतः."

वहिनी उठल्या, नळाची चावी उगाच एकदा घट्ट पिळून आल्या. नळाला काही फरक पडला नाही. मग खुर्चीत बसून त्यांनी त्याच्यापुढचं उघडं पेन उचललं, विजेच्या बिलाचं रिकामं पाकीट ओढून घेतलं आणि डावा हात कागदावर आडवा ठेवून, जरा तिरकं बसून लिहायला लागल्या. थोरला असाच बसायचा.

धाकटा त्या हाताकडे बघत होता. पाकिटावर एकेक अक्षर उमटत गेलं. 'हात धुऊन तो आत आला.' थांबून पुढचं. 'खोलीत उजेड कमी होता, तरी आईचा चेहरा त्याला दिसला.' 'र'ची शेपटी खालच्या ओळीत गेली.

एकोणिसाव्या प्रकरणाची ती पहिली दोन वाक्यं होती.

त्याने पाकीट उचललं, खिडकीकडे धरलं, परत खाली ठेवलं. मेलेल्या माणसाचं अक्षर, आणि शाई अजून ओली.

"लग्न झाल्यापासून ह्यांचे रजेचे अर्ज, मुलीच्या शाळेची पत्रं, सगळं मीच लिहायची," वहिनी म्हणाल्या. "सह्यासुद्धा. म्हणायचे, माझं अक्षर माझ्यापेक्षा तुलाच बरं येतं."

"सतरावं?"

"सतरावं ह्यांचंच. शेवटचं तेवढं माझं."

 मग त्याने पिशवीतून वही काढली, अठराव्या प्रकरणाचं शेवटचं पान उघडलं आणि खालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"इथे 'वाचले' नाही. मला वाटलं, दुखण्यात राहून गेलं."

"राहून नाही गेलं. मी लिहिलं नाही." वहिनींनी पेनला टोपण लावलं. "गोष्टीचं काय, लिहिली. गोष्ट तशीही खोटीच असते. पण 'वाचले' म्हणजे नोंद झाली. ती खोटी करायला हात धजावला नाही."

धाकट्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी आलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसली ती आशा होती.

"म्हणजे दादाने अठरावं वाचलंच नाही. त्याच्यापर्यंत पोचलंच नाही ते."

वहिनींना तिथेच 'हो' म्हणता आलं असतं. तो शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलाही असावा, कारण त्यांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"मी वाचून दाखवलं," त्या म्हणाल्या. "सगळं. पहिल्या ओळीपासून."

"ऐकलं त्याने?"

"ऐकलं म्हणजे? कान शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत होते ह्यांचे. जायच्या आदल्या दिवशी नर्सला सांगत होते, तुमच्या थंड पाण्याच्या मशीनचं बेअरिंग गेलंय, आवाजावरून कळतंय. तुम्ही होतात की तेव्हा."

तो होता. मशीन पलीकडच्या व्हरांड्यात होतं.

"मग काय म्हणाला?"

वहिनींनी पाकीट उलटं करून ठेवलं.

"म्हणाले, खाली लिही. चार्ज घेतला नाही."

धाकट्याने वही मिटली. मग परत उघडली, परत मिटली. त्याला उभं राहायचं होतं, पण उभं राहून जायचं कुठे ते कळेना. वर्षभर जे त्याने उराशी धरलं होतं ते ह्या स्वयंपाकघरात, ह्याच टेबलावर तयार झालं होतं. दादाने सगळं ऐकलं होतं. आठ महिने एकेक वाक्य खोडून-पुसून त्याने जे मागितलं होतं ते दादाने पुरतं ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. 

"मग तुम्ही कशाला लिहिलंत हे? कुणी सांगितलं होतं? मी वर्षभर, वहिनी... मी वर्षभर येड्यासारखा ही पानं खिशात घालून फिरतोय. पाठ आहेत मला. त्या ग्रंथपाल बाईंना रडवलं मी. कुणाचं म्हणून रडल्या त्या?"

वहिनींनी त्याला बोलू दिलं. त्याचं बोलून झाल्यावर त्यांनी वही आपल्याकडे ओढली, अठराव्या प्रकरणातलं एक पान काढलं आणि चष्मा न लावताच त्याच्यापुढे ठेवलं. त्या पानाचा कोपरा मऊ पडला होता.

"तुम्ही आईंना कशाला सांगितलंत?"

ते पान त्याला बघायची गरज नव्हती. संध्याकाळी आईने डोळे उघडून विचारलं होतं, थोरला आला का. पंपघरातून आलेल्या पोरांनी ग्रीसचे हात धुतल्याशिवाय घरात कशाला हात लावायचा नाही, हा तिचा जन्माचा दंडक. धाकटा म्हणाला होता, "आला गं. हात धुतोय." आईने मान हलवली. दहा मिनिटांत ती गेली. थोरला तेव्हा चार मैलांवर, पंपाशी. हे धाकट्याने कुणाला, अगदी बायकोलाही, सांगितलेलं नव्हतं. पहिल्यांदाच अठराव्या प्रकरणात लिहिलं, ते वहिनींनी वाचलं.

"तिला बरं वाटावं म्हणून," तो म्हणाला.

"मग?" वहिनी म्हणाल्या. "असं सांगता येतं, हे मला तरी कुठे माहीत होतं. तुमच्याच पानावरून शिकले. तुम्ही ह्यांना दारात आणून सोडलं होतंत, हात धुवत. मी आत आणलं." त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "आणि तुमच्यासाठीच लिहिलं असंही नाही. तीस वर्षं संसार केला. 'माझं चुकलं' किंवा 'तुझं चुकलं नाही', दोन्हींपैकी एक वाक्य ह्या माणसाच्या तोंडून मी ऐकलं नाही. म्हटलं, एकदा म्हणून घेऊ दे. चार पानं का होईना."

त्या रडल्या नाहीत. धाकटाच रडला, मोठ्या माणसासारखं नाही, नाक ओढत, मनगटाने तोंड पुसत. वहिनींनी पाण्याचा पेला भरून त्याच्यापुढे ठेवला आणि तो शांत होईपर्यंत डाळीचा डबा उघडून खडे निवडत बसल्या. डाळीत खडे नव्हते.

नंतर त्यांनीच कागद परत आपल्याकडे ओढला.

"आता सांगा. करू सही? तुम्हाला माहीत असून तुम्ही म्हणत असाल तर करते. आजवर ह्यांच्या एवढ्या सह्या केल्या, ही तर माझी स्वतःचीच आहे. पाठवून द्या त्या एजंटाला. छापून आलं की खरंच होतं ते. आपल्या दोघांनाच माहीत आहे, आपण कुठे बोलायला जाणार नाही."

त्याला ते हवं होतं. कालपर्यंत हवं होतं तितकंच, कदाचित जास्तच. हजार माणसं वाचतील, दादा असा होता म्हणतील. त्याने पेन उचलून त्यांच्या हातात द्यायला हात पुढेसुद्धा केला. मग तो मध्येच थांबला.

"नको."

"का? चांगलं नाही लिहिलं का मी?"

"तुमच्याइतकं चांगलं आम्हाला दोघांना एकोणीस वर्षांत जमलं नाही. पण आईला सांगितलं ते आईपुरतं होतं, वहिनी. मी काही बाहेर जाऊन गल्लीत ओरडलो नाही, दादा आला म्हणून. हे तुम्ही मला सांगितलंत. माझ्यापुरतं."

"मग अठराच पाठवा."

"अठरावं संपतं तिथे पुस्तक संपत नाही. नुसतं थांबतं. कोण घेईल?" त्याने कागदाची घडी घातली, मग घडीची घडी घातली. "राहू दे. दोघांनी एकमेकांसाठी लिहिलं होतं. मध्ये तिसरा कुणी नव्हताच कधी."

"होते की मी," वहिनी म्हणाल्या. "पिशवीतून कोण आणत होतं?"

ह्यावर तो थोडासा हसला, नाक लाल, डोळे सुजलेले. पाणी पिऊन तो उठला. वही घेऊ की नको असं त्याला झालं, आणि त्याने ती टेबलावर राहू दिली. दाराशी जाऊन तो बुटांत पाय घालत होता, तेव्हा वहिनी मागून म्हणाल्या,

"एक विचारू? मी विचारत नाही खरं तर. ह्यांनी विचारलं होतं."

तो वळला.

"ते हात धुण्याचं पान ह्यांनी तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा मध्येच थांबवलं मला. म्हणाले, आईने दाराकडे बघितलं का, ते लिहिलं नाही त्याने. मी पान वरून खालपर्यंत बघितलं. खरंच नव्हतं लिहिलेलं. तर म्हणाले, नोंद अर्धवट आहे, आणि मग ते म्हणाले, चार्ज घेतला नाही. मला वाटलं, अजून रागच धरून बसलेत. असलंच काहीतरी खुसपट काढायची सवयच होती." त्या थांबल्या. "बघितलं होतं का हो आईंनी?"

धाकटा एका पायात बूट घालून उभा होता. खाट भिंतीला लागून, दार डावीकडे. तो उजवीकडच्या स्टुलावर. 'आला का' म्हणताना तिचे डोळे त्याच्यावर होते. 'हात धुतोय' म्हटल्यावर दाराकडे मान वळायला हवी होती. लेक घरात आला म्हटलं की कुठलीही आई दाराकडे बघते. आठ महिने तो ती खोली लिहीत होता. उशीचा अभ्रा लिहिला, औषधाच्या बाटलीचा रंग लिहिला.

"नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे बघत होती. मान हलवली तीही माझ्याकडे बघूनच."

वहिनी खाली बसल्या.

"म्हणजे आईंना ठाऊक होतं, हे आलेले नाहीत."

 वहिनींचे हात टेबलावरून वहीच्या पुठ्ठ्यावर आले आणि तिथेच राहिले.

"बावीस दिवस तुम्ही येऊन बसत होतात," त्या हळू म्हणाल्या. "हे शेजारी पडून होते, तुम्ही शेजारी बसून होतात. एवढंच ह्यांना हवं होतं, कदाचित. एवढं एक वाक्य. मी तेव्हाच सांगायला हवं होतं का, भाऊजी?"

धाकटा परत आत आला. एक पाय बुटात, एक नुसताच, तसाच टेबलापर्यंत आला.

"छे," तो म्हणाला. "काही फरक पडला नसता, वहिनी. दादाला ऐकू तरी कुठे येत होतं शेवटी."

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली.